सरोगेट मदरला मराठीत 'भाडोत्री आई' म्हणावं का?

प्रश्न असा आलाय: "भाऊ-वहिनीला सरोगसीने मुलगी झालीय, बारशाचं निमंत्रण मराठीत लिहायचंय आणि त्यात जिने बाळाला नऊ महिने पोटात वाढवलं त्या सरोगेट मदरचा उल्लेख करायचाय. पेपरात 'भाडोत्री आई' असा शब्द वाचलाय, तो चालेल का? नसेल तर दुसरा कुठला? आणि सरोगसी लिहायचं की सरोगेसी?"

आधी भाऊ-वहिनीचं मनापासून अभिनंदन. आणि 'भाडोत्री आई' कृपा करून लिहू नका.

भाडोत्री हा शब्द आपण कुणाला लावतो बघा ना. भाडोत्री गुंड, भाडोत्री मारेकरी, भाडोत्री सैन्य, म्हणजे पैसे घेऊन जे करू नये ते करणारा माणूस. डॉक्टर फी घेतो, वकील फी घेतो, पण भाडोत्री डॉक्टर असं कुणी म्हणत नाही, म्हणजे नुसते पैसे घेणं हा या शब्दाचा अर्थ नाहीच, त्यात तिरस्कार आहे आणि तो सगळा त्या बाईच्या वाट्याला येतो. हा शब्द आला कुठून त्याचा अंदाज येतो, हिंदीत 'किराये की कोख' होतं त्यावरून आपल्याकडे 'भाड्याची कूस' आणि मग भाडोत्री आई झालं असावं, आणि कायद्याने बंदी येण्याआधी गुजरातेतलं आणंद पैसे देऊन होणाऱ्या सरोगसीसाठी जगभर माहीत झालं होतं, परदेशातून जोडपी यायची, तेव्हा पेपरवाल्यांना हा शब्द सोयीचा वाटला असणार. पण पोट जाळण्यासाठी, मुलांच्या शिक्षणासाठी दुसऱ्याचं बाळ नऊ महिने वाढवणाऱ्या बाईला तेव्हाही हा शब्द लावायला नको होता असं माझं ठाम मत आहे.

आता तर तो कायद्यानेही खोटा ठरतो. सरोगसी (नियमन) अधिनियम, 2021 हा 25 जानेवारी 2022 पासून लागू झालाय आणि भारतात व्यावसायिक सरोगसीला बंदी आहे. सरोगेटला औषधपाण्याचा, दवाखान्याचा खर्च आणि 36 महिन्यांचा विमा मिळतो, मोबदला म्हणून रक्कम देता येत नाही. म्हणजे भाडंच नाही तर भाडोत्री कोण? अमेरिकेत कॅलिफोर्नियासारख्या राज्यात मोबदला देणं कायदेशीर आहे, तिकडच्या मराठी घरांत असा करार होऊ शकतो, पण तिथेही वर डॉक्टरचं सांगितलं तेच लागू.

मग दुसरे शब्द. 'स्थानापन्न माता' आणि 'पर्यायी माता' हे दोन्ही मूळ शब्दाला धरून आहेत. सरोगेट मूळचा लॅटिन, एकाच्या जागी दुसरा नेमणं असा त्याचा अर्थ, इंग्लंडच्या चर्चमध्ये बिशपच्या प्रतिनिधीला सरोगेट म्हणायचे, आणि दारूच्या ब्रँडचं नाव सोड्यावर टाकून करतात त्या सरोगेट जाहिरातीही याच अर्थाने. पण स्थानापन्न म्हटलं की साहेब रजेवर गेल्यावर त्यांच्या खुर्चीत बसलेला अधिकारी डोळ्यासमोर येतो, आणि 'पर्यायी आई' म्हटलं की जणू मुलीला आई म्हणून दोन पर्याय आहेत. ते तसं नाहीये. मुलीची आई एकच, तुमची वहिनी. अमेरिकन क्लिनिकवाले 'गेस्टेशनल कॅरिअर' म्हणतात, त्याचं 'गर्भवाहक' करायचा मोह होईल, तर आपल्याकडे वाहक म्हणजे एसटीत तिकीट फाडणारा नाहीतर हिमोफिलियासारख्या आनुवंशिक आजाराचा वाहक. नको. 'उसनी कूस'ही नको, उसनं म्हणजे वाटीभर साखर नेली आणि वाटीभर परत आणून दिली, इथे तसा हिशेब होत नाही.

कुणी कुणी रोहिणीचं उदाहरण देतं. भागवतात दहाव्या स्कंधात गोष्ट आहे, देवकीचा सातवा गर्भ योगमायेने काढून गोकुळात रोहिणीच्या पोटात ठेवला, म्हणून बलरामाचं नाव संकर्षण, म्हणजे ओढून नेलेला. संध्येतल्या चोवीस नावांत तेच नाव आपण घेतो. गोष्ट फार सुंदर आहे पण सरोगसीच्या उलटी आहे, कारण जिने वाढवलं तीच रोहिणी पुढे बलरामाची आई राहिली, अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशातसुद्धा त्याला रौहिणेय, म्हणजे रोहिणीचा मुलगा, म्हटलंय. तुमच्याकडे मुलगी वहिनीच्या नावाने ओळखली जाणार.

खरं सांगू का, आपण उगाच नाम शोधत बसतो, मराठीत हे काम क्रियापदांनी आधीच करून ठेवलंय आणि मला ते फार आवडतं. 'त्यांना मुलगी झाली' या वाक्यात कोण गरोदर होतं ते येतच नाही! त्याला मुलगी झाली, तिला मुलगी झाली, दोघांना मुलगी झाली, सगळं चालतं, आपण पहिल्यापासून बापालाही मूल 'होतं' असंच म्हणतो. अंगावर जे येतं त्याला वेगळं क्रियापद आहे, 'बाळंत होणं'. म्हणजे तुमच्या केसमध्ये वहिनीला मुलगी झाली आणि सरोगेट बाळंत झाली, दोन्ही वाक्यं शंभर टक्के खरी आणि कुणाचंच काही हिरावून घेतलं जात नाही. आई एक आणि बाळंतीण दुसरी. हे नीट लक्षात ठेवा कारण घरात सगळे बाळाभोवती जमतात आणि बाळंतिणीचं विसरायला होतं, शेकशेगडी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर हे सगळं तिचं आहे, रक्तस्राव झाला, टाके पडले तर ते तिला, विमा तीन वर्षांचा ठेवलाय तो त्यासाठीच की बाळंतपणाचा त्रास बाळंतपणाबरोबर संपतोच असं नाही.

आणखी एक शब्द इथे चपखल बसतो, लेकुरवाळी. कायद्याची अटच आहे की सरोगेट 25 ते 35 वयाची, लग्न झालेली आणि स्वतःचं मूल असलेली हवी, आणि आयुष्यात एकदाच ती सरोगेट होऊ शकते. 'एका लेकुरवाळीने आमचं बाळ वाढवलं' हे वाक्य मला कुठल्याही पारिभाषिक शब्दापेक्षा जवळचं वाटतं.

'जन्मदात्री' मात्र टाळा. ती जन्म देते हे खरं, पण दत्तकाच्या संदर्भात जन्मदात्री म्हणजे रक्ताची आई असा अर्थ रूढ झालाय आणि सरोगेटचं स्वतःचं बीज वापरायला आपल्या कायद्यात परवानगीच नाही, गर्भ प्रयोगशाळेत तयार होऊन तिच्या गर्भाशयात सोडतात. तसंच 'दत्तक घेतली' असंही कुणाला म्हणू देऊ नका. दत्तकाची प्रक्रिया वेगळी, इथे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा पालकत्वाचा आदेश आधीच घेतलेला असतो आणि कायदा मुलीला भाऊ-वहिनीचं जैविक अपत्यच मानतो.

बारशाला कुणीतरी आजी म्हणेलच, "पण पोटची नाही ना". त्यांना शांतपणे सांगा की मराठीत बापालासुद्धा 'पोटची पोर' असते, 'पोटच्या पोरासाठी बाप राबला' असं आपण सर्रास बोलतो, तेव्हा बापाचं पोट कोण बघतो? वहिनीने बिनधास्त पोटची लेक म्हणावं.

निमंत्रणात उल्लेख करायचा तर आधी त्या ताईंना विचारा. कित्येक घरांत नवऱ्याशिवाय कुणाला माहीत नसतं, आणि तिच्या परवानगीशिवाय नाव छापणं चूकच. ती वहिनीची बहीण वगैरे असेल तर प्रश्न सोपा, मुलगी तिला मावशी म्हणणार, तेच लिहा. नात्यातली नसेल आणि तिची हरकत नसेल तर असं काहीतरी: "आम्हाला कन्यारत्न झालं. जिने हिला नऊ महिने पोटात वाढवलं त्या ताईंचे आम्ही ऋणी आहोत. बारशाला अगत्य यावे." तिला हरकत असेल तर पहिलं आणि शेवटचं वाक्य ठेवा, निमंत्रण कुठेही खोटं होत नाही.

राहिला स्पेलिंगचा प्रश्न. सरोगसी लिहा, इंग्रजी उच्चार 'गसी'च्या जवळ आहे आणि मराठी पेपरांत तेच रुळलंय, 'गेसी' हिंदीकडून आलं. व्यक्तीसाठी सरोगेट, तिथे 'गे' बरोबर आहे. शब्द स्त्रीलिंगी, 'ती सरोगसी'. बोलताना 'सरोगसीने झाली' किंवा 'सरोगसीतून झाली' दोन्ही चालतं, 'सरोगसीद्वारे' बातमीत ठीक आहे, बारशाच्या निमंत्रणात नको.