चीज नाही, सॉस नाही, भाजीही नाही: रात्री दहाला करायचा पास्ता

तुम्ही विचारलंय की कळव्यात भाड्याच्या खोलीत एकटेच राहता, महाप्याहून घरी पोचायला साडेनऊ वाजतात, शेगडी एकच आहे आणि रोज बाहेरचं परवडत नाही. पास्त्याचं पाकीट पडलंय, पण चीज, ऑलिव्ह ऑईल, सॉस यातलं काही नाही, मग काय करावं?

आल्यो ए ओल्यो, म्हणजे लसूण-तेलाचा पास्ता करा. इटलीतल्या नेपल्सकडचा अगदी गरिबाघरचा प्रकार आहे. लसूण, तेल, सुकी मिरची, मीठ, संपलं. चीज त्यात मुळात लागत नाही. मी ऐरोलीत राहतो, तुमच्यासारखाच ट्रान्सहार्बर लोकलने लोंबकळत घरी येतो, आणि भाजी संपलेली असली की हेच करतो. खर्च म्हणाल तर दोन वडापावांच्या आसपास.

यातली खरी मेख एकच आहे. पास्ता शिजवलेलं पाणी मोरीत ओतायचं नाही. सगळी चव तिथे आहे. बाकीचं मी पुढे सांगतोय ते थोडं इकडेतिकडे झालं तरी चालेल, हे नाही.

आधी पाकिटाकडे बघा. मागे घटकांमध्ये ड्युरम गव्हाचा रवा लिहिलाय की मैदा? ड्युरम म्हणजे आपल्याकडचा बन्सी गहू, त्याचा पास्ता शिजून टणक राहतो. मैद्याचा जरा दुर्लक्ष झालं की गिचका होतो. तुमच्याकडे मैद्याचा असला तर फेकू नका, फक्त गॅसजवळून हलू नका. पुढच्या वेळी ठाण्यात जांभळी नाक्यावर किराणा भरायला गेलात आणि सुटी मॅक्रोनी स्वस्तात दिसली, तर दुकानदाराला ती कशाची आहे ते विचारून घ्या. आणि पावसाळ्यात पाकीट फोडल्यावर ते घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. रव्याला पडतात तसे टोके पास्त्यालाही पडतात.

शेगडी एकच असल्यामुळे क्रम महत्त्वाचा. पाणी शेवटी चढवायचं, आधी कढईतली कामं उरकायची.

शिळा पाव आहे? एक घ्या, हाताने चुरा. कढईत चमचाभर तेल, त्यात चुरा, मंद आचेवर खरपूस, खाल्ल्यावर कुरकुर वाजेल इतका भाजा आणि चिमूटभर मीठ घालून वाटीत काढा. सिसिलीत आणि दक्षिण इटलीत चीज परवडत नसे तेव्हा लोक हा भाजलेला चुराच वरून घालत, आजही घालतात. मला तर पाकिटातल्या किसलेल्या चीजपेक्षा हाच आवडतो. पाव नसेल आणि घरून आलेली सुक्या खोबऱ्याची लसूण चटणी असेल तर ती भुरभुरवा. इटलीशी तिचा काही संबंध नाही, पण लागते छान.

आता लसूण. सहा-सात पाकळ्या, गावठी बारीक असेल तर दहा. काप करायचे, ठेचायची नाही. आलं-लसूण पेस्ट तर अजिबात नको, आलं सगळ्यावर चढून बसतं. कढईत तीन मोठे चमचे तेल घाला. शेंगदाण्याचं उत्तम, सूर्यफुलाचं किंवा सोयाबीनचंही चालतं. घाण्याचं शेंगदाणा तेल असेल तर वास जरा जास्त पुढे येतो, मला तो चालतो, तुमचं तुम्ही ठरवा. आपली फोडणीची सवय इथे बाजूला ठेवायची: तेल तापवून त्यात लसूण टाकायची नाही. गार तेलातच काप सोडा आणि आच बारीक ठेवा. हळूहळू कडेने बारीक बुडबुडे येतात, मग काप पारदर्शक होतात, मग कडा पिवळसर व्हायला लागतात. इथेच सुकी मिरची तोडून टाका. बेडगी असेल तर दोन, लवंगी असेल तर अर्धी. नसेल तर पिझ्झाबरोबर आलेल्या चिली फ्लेक्सच्या पुड्या शोधा, त्या प्रत्येकाच्या घरात कुठल्या तरी ड्रॉवरमध्ये असतातच. काप फिकट सोनेरी झाले की गॅस बंद. पण नुसता बंद करून भागत नाही, लोखंडी कढई आपल्या उष्णतेनेच पुढे लसूण करपवते आणि करपलेली लसूण कडू लागते. म्हणून कढई खाली उतरवून दोन चमचे पाणी शिंपडा. चर्र आवाज होईल, जरा लांब उभे राहा.

आता पातेलं चढवा. एका माणसाला साधारण शंभर ग्रॅम पास्ता आणि त्याला पाऊण लिटर पाणी. पाकिटावर याहून बरंच जास्त पाणी लिहिलेलं असतं. ते मुद्दाम कमी घ्यायचं, म्हणजे पास्त्यातून सुटणारा स्टार्च थोड्या पाण्यात उतरतो आणि पाणी पेजेसारखं गढूळ होतं. गॅसही वाचतो. इलेक्ट्रिक किटली असेल तर पाणी तिच्यात उकळून घ्या, कढईचं काम चालू असतानाच तयार होईल. पाण्यात मीठ चहाचा एक सपाट चमचा, त्याहून जास्त नको, कारण हेच पाणी पुढे आटणार आहे. सुरुवातीची दोन मिनिटं ढवळत राहा, पास्ता तळाला बसतो आणि एकमेकांना चिकटतो तो तेव्हाच. पाण्यात तेल घालून ते थांबत नाही. तेल वर तरंगतं, बस.

पाकिटावर अकरा मिनिटं लिहिली असतील तर नवव्या मिनिटाला एक तुकडा चावून बघा. मधोमध किंचित कच्चा लागला की बरोबर. वाडगाभर पाणी काढून बाजूला ठेवा, पास्ता निथळा. गार पाण्याखाली धुवू नका, त्याने वरचा स्टार्च निघून जातो, जो आपल्याला हवाय.

कढई परत गॅसवर. पास्ता आत, वर त्या पाण्याचे पाच-सहा डाव, आणि आच मोठी. आता दोन मिनिटं थांबू नका, उलथन्याने नाहीतर चिमट्याने हलवत राहा. आधी कढईत तेल वेगळं आणि पाणी वेगळं दिसतं. मिनिटभरात ते एकमेकांत शिरतं, पांढुरकं होतं आणि प्रत्येक तुकड्याला पातळ, चकचकीत थर बसतो. तेल आणि पाणी एरवी फटकून असतात, त्यांना धरून ठेवायचं काम स्टार्च करतो. हाच तुमचा सॉस. कोरडं वाटलं तर पाण्याचा आणखी एक डाव, तळाला पाणी साचलं तर अर्धा मिनिट आणखी. बंद करताना लिंबू असेल तर चार थेंब. ताटात काढा, वर पावाचा चुरा, आणि लगेच खा. दहा मिनिटांनी हा पास्ता गोळा होऊन बसतो, फोन नंतर बघा.

कांदा, सिमला मिरची, केचप घालून आपल्याकडे जो पास्ता होतो त्याच्याशी माझं भांडण नाही, पण रात्री दहाला चिराचिरी कोण करणार? टोमॅटो स्वस्त असतील तेव्हा दोन बारीक चिरून लसणीच्या तेलात आटवा, वेगळाच प्रकार होतो. 2023 च्या जुलैत टोमॅटो किलोला शंभरीपार गेले होते, तेव्हा मात्र हा बिनटोमॅटोचाच बरा पडला.

यात प्रथिनं फारशी नाहीत, एवढी उणीव आहे. सकाळी निघताना मूठभर काबुली चणे भिजत टाकले तर रात्री कुकरला लावून, पाण्यासकट पास्त्यात घालता येतात. रोममध्ये चणे-पास्ता असा करतातच. पण एका शेगडीवर त्याला अर्धा तास तरी जास्त लागेल, तेव्हा तो रविवारसाठी.

उरला तर फ्रिजमध्ये ठेवा. फ्रिज नसेल तर उरवू नका, आपल्याकडच्या दमट हवेत सकाळपर्यंत आंबेल. सकाळी दोन अंडी फेटून त्यात मिसळा आणि तव्यावर जाड ऑम्लेट घाला, नेपल्सचे लोक उरलेल्या पास्त्याचं हेच करतात. गारसुद्धा चांगलं लागतं, त्यामुळे डब्याला न्यायला सोयीचं. फक्त डबा घट्ट झाकणाचा घ्या, गर्दीच्या वेळेला डब्यात लसणीचा वास सुटला तर शेजारचे तोंडाने नाही तरी डोळ्यांनी बोलतात.