घरी शिवायला बसताना तुम्ही काय घालता? ‘नीट तयार होऊन बसावं’ हा जुना सल्ला पाळावा का?

तुम्ही लिहिलंय की नवीन मशीन घेतल्यापासून तुम्ही दिवसभर गाऊनवरच शिवत बसता आणि त्यावरून घरात बोलणी खाता. त्यातच १९४९ सालच्या एका अमेरिकन पुस्तकातला सल्ला तुमच्या वाचनात आला: शिवायला बसण्याआधी स्वच्छ कपडे घाला, केस नीट करा, पावडर-लिपस्टिक लावा. तो खरा आहे का आणि पाळावा का, असं विचारलंय.

आधी माझं सांगते. मी ब्लाउज, परकर, फॉल-पिको अशी कामं घरूनच करते आणि सुती गाऊन घालूनच शिवते. बाह्या कोपराच्या वर, पुढून चेन, एक खिसा. केस वर गुंडाळून क्लिप लावलेली. बांगड्या, अंगठी काढून डब्यात. मंगळसूत्र गाऊनच्या आत. गिऱ्हाईक यायच्या वेळी बदलते, नाहीतर नाही.

आता तो सल्ला. तो खरा आहे. सिंगर कंपनीने १९४९ मध्ये काढलेल्या शिवणकामाच्या पुस्तकात तो आहे आणि लिहिणाऱ्या बाई होत्या मेरी ब्रुक्स पिकन. या बाई साध्यासुध्या नव्हत्या. १९१६ मध्ये त्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटन गावात टपालाने शिवण शिकवणारी संस्था सुरू केली होती. शिवणकाम आणि कपडे या विषयांवर त्यांनी ढीगभर पुस्तकं लिहिली. म्हणजे हा सल्ला ज्याने कधी सुईत दोरा ओवला नाही अशा माणसाचा नव्हे, आयुष्यभर शिवण शिकवलेल्या बाईचा आहे. म्हणून तो हसून सोडून देण्यापेक्षा नीट वाचावा असं मला वाटतं.

तो उतारा नुसता लिपस्टिकपुरता नाही. त्यात म्हटलंय की शिवायला उसासे टाकत बसू नका. मोरीत भांडी पडलेली आणि बिछाने न आवरलेले असताना बसू नका. मशीनजवळ फ्रेंच चॉकची छोटी पिशवी ठेवा आणि मधूनमधून बोटांना लावा. स्वतःसाठी शिवत असाल तर आरशासमोर घालून बघावं लागतं, तेव्हा चेहरा-केस बरे असलेले चांगले. आणि शेवटी: कोणी अचानक येईल किंवा नवरा घरी येईल आणि आपण अजागळ दिसू, ही धास्ती मनात असेल तर शिवण्यात मन रमणार नाही.

यातली बोटांना पावडर लावायची गोष्ट सोन्यासारखी आहे. फ्रेंच चॉक म्हणजे बारीक दळलेला टाल्क, आपल्या पावडरच्या डब्यात असतो तोच. एप्रिल-मे महिन्यात रॉ सिल्कचा ब्लाउज शिवायला घ्या, म्हणजे कळेल. बोटं घामेजतात, कापड मशीनच्या दाबाखाली (सुईजवळ कापड दाबून धरणाऱ्या पट्टीखाली) सरकवताना चिकटतं आणि फिक्या रेशमावर पाण्याच्या थेंबासारखे डाग उठतात. सुई हातात धरून हेम घालत असाल तर ती घसरते, घामाने गंजतेही. चिमूटभर पावडर तळव्यांना चोळायची, उरलेली झटकायची, मग कापडाला हात लावायचा. बिनवासाची घ्या आणि गडद कापडावर काम असेल तर बोटं कोरड्या फडक्याला पुसून मगच बसा, नाहीतर काळ्या कापडावर पांढरे ठसे उमटतात. मशीनच्या तेलाचा डाग पडला तरी हीच पावडर कामाला येते. डागावर भुरभुरून रात्रभर ठेवायची आणि सकाळी झटकायची, बरंचसं तेल ओढून घेते.

आरशाचा मुद्दाही मला पटतो. अर्धवट शिवलेला ब्लाउज घालून आरशासमोर उभं राहिलं की गळा कसा बसलाय हे बघायचं असतं. पण केस पिंजारलेले आणि चेहरा ओढलेला असेल तर सगळंच वाईट दिसतं आणि दोष ब्लाउजला जातो. फक्त त्यासाठी लिपस्टिक नको. केसांवरून कंगवा फिरवा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो ब्लाउज ज्या ब्रावर घालणार आहात तीच घालून मुंढा (बाही जोडतो ती गोलाई) आणि टक्स (छातीजवळच्या शिवलेल्या चुण्या) तपासा. घरातली जुनी, ढिली ब्रा घालून माप बघितलं की टक्स खाली उतरतात आणि मग उसवाउसवी करत बसावं लागतं.

पण लिपस्टिक मशीनजवळ नकोच, आणि हे मी कापडाच्या बाजूने सांगते आहे. सुईत दोरा ओवताना आपण काय करतो? दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं करतो. टीप संपली की कित्येक जणी दोरा दातांनी तोडतात. लिपस्टिक लावलेली असेल तर तो रंग दोऱ्यावरून थेट पांढऱ्या अस्तरावर. घालून बघताना कपडा डोक्यावरून काढला की गळ्याच्या आतल्या बाजूला चेहऱ्याची पावडर लागते ती वेगळीच.

आपल्याकडची जुनी शिस्तही अशीच तपासून बघायला हवी. दिवेलागणीच्या आधी तोंड-हात धुवायचे, केसांना तेल लावून चापूनचोपून वेणी घालायची, पावडर-कुंकू लावायचं आणि मग घरातली पुरुषमाणसं यायच्या वेळी बाईने प्रसन्न दिसायचं. माझ्या आजीच्या पिढीत हे अगदी ठरलेलं होतं. वेणी घालणं मशीनसाठी उत्तमच. पण तेल? सुईच्या टोकाकडे बघायला आपण मशीनवर वाकतो तेव्हा कपाळावरची तेलकट बट कापडाला लागते. ओलं कुंकू घामाबरोबर खाली येतं. काचेच्या बांगड्या मशीनच्या पट्टीवर आपटतात आणि जरीच्या कडेत अडकतात. खडा उंच असलेली अंगठी टिश्यूच्या कापडातला एखादा धागा अशी ओढते की ती रेघ परत बसत नाही. गिऱ्हाइकाची साडी असेल तर तोंड दाखवायला जागा राहत नाही.

शिवणाऱ्या बाईने कसं दिसावं हा विषय आपल्याकडे काही हलकाफुलका नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला महाराष्ट्रात, विशेषतः ब्राह्मण घरांत, विधवेचं केशवपन होत असे. अंगावर आलवण म्हणजे विधवेचं लाल लुगडं, कपाळ मोकळं, हात मोकळे. अशा बायकांना पोटापाण्यासाठी जी थोडी कामं मिळत त्यांत शिवण होतं. पुण्यात रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये सेवासदन उभं केलं, तिथे शुश्रूषेबरोबर शिवणाचेही वर्ग चालत. तिकडे अमेरिकेतल्या गृहिणीला सांगितलं गेलं की लिपस्टिक लावून मशीनवर बस. इकडे कितीतरी बायकांना कुंकवाचं बोट लावायचीही मुभा नव्हती. दोन्हीकडे नियम ठरवणाऱ्यांचं लक्ष बाईच्या चेहऱ्यावर होतं. तिच्या हातातलं काम त्यानंतर. मला याचा अजूनही राग येतो.

आणि अमेरिकेचंच बघा. महायुद्धात तिथल्या बायका कारखान्यांत कामाला गेल्या तेव्हा पँट किंवा ओव्हरऑल घालायच्या, डोक्याला रुमाल बांधायच्या. वेरोनिका लेक नावाच्या नटीची एका डोळ्यावर बट सोडायची फॅशन तेव्हा फार गाजलेली होती. पण मोकळे केस यंत्रात अडकायचा धोका होता, म्हणून १९४३ मध्ये सरकारच्या विनंतीवरून तिने केस वर बांधले आणि बाकीच्या बायकांनाही तसंच करायला सांगितलं. यंत्रासमोर बसताना काय घालावं हे तेव्हा सगळ्यांना बरोबर कळत होतं. युद्ध संपलं, बायका घरी परतल्या आणि चारच वर्षांनी घरातल्या यंत्रासमोर बसायला लिपस्टिक लागू लागली. घरातलं मशीनही यंत्रच आहे. मोटार लावलेली असेल तर पाय उचलल्यावरही सुई एखादा टाका पुढे जाऊ शकते.

म्हणून तुमच्या प्रश्नातली खरी जपायची गोष्ट ही आहे: गाऊनवर ओढणी घेऊन शिवू नका. पायमशीन असेल तर तुमच्या उजव्या हाताला चाक असतं आणि त्यावरून पट्टा खाली मोठ्या चाकाकडे जातो. ओढणीचं उजवं टोक लोंबत असेल तर पट्टा ते बघता बघता आत ओढतो, आणि ओढणी गळ्यात असते. साडी नेसून बसायचं असेल तर पदर मागून फिरवून डाव्या बाजूला घट्ट खोचा आणि निऱ्या पायदानापासून लांब राहतील एवढी साडी वर घ्या. मंगळसूत्र लांब असेल तर आत टाका किंवा पाठीवर घ्या. वाकलं की वाटी बरोबर सुईसमोर येते. सुईत दोरा ओवताना पाय पॅडलवरून काढायचा, ही सवय पहिल्या दिवसापासून लावा. आणि चप्पल घालून बसा. अनवाणी बसलं की टाचणी हमखास टाचेत जाते.

भांड्यांबद्दल पिकनबाईंशी माझं अजिबात जमत नाही. भांडी ट्यूबलाइटमध्येही घासता येतात. काळ्या कापडावर काळ्या दोऱ्याने हेम घालायचं तर दिवसाचा उजेड लागतो आणि तो खिडकीतून काही तासच मिळतो. सकाळचं सगळं आवरून, ओटा पुसून, मग शिवायला बसायचं ठरवलंत तर तुमच्या वाट्याला रोज दुपारची झोप आणि संध्याकाळचा अंधार एवढंच येईल. कापड बेतणं आणि कापणं सकाळच्या उजेडात करा. कात्री चुकली की कापड गेलं. भांड्यांना थांबू द्या.

मात्र त्या उताऱ्यातलं धास्तीबद्दलचं वाक्य खरं आहे, आणि मला वाटतं ते वाचूनच तुम्ही हा प्रश्न विचारलात. दाराची बेल वाजली की आपल्याकडची बाई काय करते ते आठवा. दाराजवळच्या खुंटीवर एक ओढणी कायमची टांगलेली असते. ती गाऊनवर टाकायची, मग दार उघडायचं. कुरिअरवाला असो, वॉचमन असो की शेजारचे काका. मनाचा एक कान सतत बेलकडे लागलेला असेल तर टीप सरळ येत नाही, हे बाईंनी अचूक हेरलं होतं. पण यावर उपाय म्हणून बाईनेच सकाळपासून नटून बसावं, हे मला मान्य नाही. येणाऱ्यानेही वेळ पाळावी. मी गिऱ्हाइकांना वेळ ठरवून दिली आहे, दुपारी चार ते सहा. व्हॉट्सॲपवर तेच लिहिलेलं आहे. त्या दोन तासांत मी कुर्ता घालून असते, कारण समोरच्या बाईचं माप घ्यायचं असतं आणि तिला मोकळं वाटायला हवं. बाकी वेळ माझी आणि मशीनची.

गल्लीतल्या टेलरकाकांना मी लहानपणापासून बघत आलेय. उन्हाळ्यात बनियन आणि पायजमा, गळ्यात टेप, कानावर पेन्सिल. दुकान भर रस्त्यावर. बायकांचे ब्लाउजही तेच शिवायचे. ‘काका, शर्ट तरी घाला’ असं त्यांना कोणी म्हटलेलं मी ऐकलं नाही, कारण ते काम करत आहेत हे येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसत होतं. घरात शिवणाऱ्या बाईचं काम लोकांना दिसत नाही. ती नुसती घरी दिसते, म्हणून तिच्या गाऊनवर बोललं जातं. तुमच्या घरी कोणी बोललं तर वाद घालण्यापेक्षा हे कामाचे कपडे आहेत एवढं शांतपणे सांगा आणि ते खरोखर कामाचे असू द्या. स्वयंपाकाचा गाऊन वेगळा ठेवा. फोडणीचा वास आणि हळदीचे डाग घेऊन दुसऱ्याच्या साडीला हात लावू नये.

आणि मशीन नवीनच आहे तर पहिला कपडा म्हणून हा गाऊनच शिवा. साधारण तीन मीटर धुतलेलं सुती कापड पुरतं, फिकं घ्या म्हणजे पडलेली टाचणी आणि दोऱ्याचे तुकडे त्यावर लगेच दिसतात. लांबी घोट्याच्या चार बोटं वर, म्हणजे पायदानात अडकणार नाही. झालर, लेस, नाडीचे गोंडे काही नको. चेन पुढून आणि चांगली लांब, म्हणजे ट्रायल घेताना डोक्यावरून काढावा लागणार नाही. खिसा डाव्या बाजूला लावा, चाकापासून लांब, आणि तो दुहेरी टिपेने पक्का करा. छोटी कात्री त्यात राहते, एकेरी टीप टिकत नाही.