बोट न टोचता साखर आणि ऑक्सिजन मोजणारं नवं यंत्र देवगडकडच्या आमच्या छोट्या दवाखान्यासाठी घ्यावं का?

साखरेसाठी सरळ नाही म्हणा. त्वचेला न टोचता स्वतःच साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला मान्यता दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने, फेब्रुवारी २०२४ मध्येच दिला होता. चुकीच्या आकड्यावर इन्सुलिन घेतलं तर जिवावर बेतेल.

ऑक्सिजनचं जरा वेगळं. विक्रेत्याकडे आधी सीडीएससीओचा, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय संस्थेचा, परवाना मागा. मग विचारा, चाचणी कोणावर केली? सावळ्या-काळ्या त्वचेवर ऑक्सिमीटर कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतो, आणि आपले दर्यावर जाणारे लोक उन्हात रापलेले असतात. हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

विकत घेण्याआधी दोन आठवडे वापरायला मागा. जुनं यंत्र शेजारी ठेवून दोन्ही आकडे एकाच वहीत लिहा. आमच्याकडे एक मावशी लावणीच्या चिखलातून थेट आल्या, बोटं गारठलेली. यंत्र म्हणे ८६! हात पुसून, चोळून ऊब आणल्यावर ९७. पहिल्याच आकड्यावर विसंबलो असतो तर त्यांना भर पावसात उगाच रत्नागिरीला पाठवलं असतं.

आणि हो, वीज आणि रेंज दोन्ही गेल्यावर ते चालतं का, हे जुलैतच बघा. रुग्णांची माहिती कोणाकडे जाते, हे लेखी घ्या. खाऱ्या हवेने पिना गंजल्या तर दुरुस्तीला माणूस कुठून येणार, कणकवलीहून की मुंबईहून, तेही विचाराच.