सीटी नॉर्मल आला असताना डॉक्टर फुफ्फुसाचा व्ही-क्यू स्कॅन का सांगतात? खरंच गरज असते का?

ताई, तुम्ही लिहिलंय की सासऱ्यांना चालताना दम लागतो, सीटीत काही निघालं नाही, तरी डॉक्टर व्ही-क्यू करा म्हणतायत आणि घरचे म्हणतात हा पैसे काढायचा धंदा आहे. ते शेवटचं वाक्य वाचलं आणि लिहायला बसलो, कारण तेच वाक्य आमच्या घरात बोललं गेलं आणि भोगलं आमच्या आईनं.

आम्ही निपाणीचे. आई लग्नाआधीपासनं तंबाखूच्या वखारीत चाळणीवर कामाला. आमच्याकडं वखारीतली बाई खोकली की दमा, बसली की दमा, ह्यापुढं कुणी विचारच करत नाही. एक पंप झाला, मग दुसरा पंप, मग जास्त पॉवरचा. त्याआधी आईचा पाय मोडून प्लॅस्टर होतं, नंतर पोटरी सुजली, रक्त पातळ करायची गोळी काही महिने चालली आणि बंद झाली, हे एकाही डॉक्टरनं विचारलं नाही. वखार म्हटलं की पुढचं ऐकायचंच नाही. सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर आई मध्येच खाली बसली, ओठ निळे पडलेले, तेव्हा मी बेळगावला नेलं. तिथल्या एका तरुण डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न पायाचा विचारला. टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली, हृदयाच्या उजव्या बाजूला प्रेशर वाढलेलं. जुना सीटी नॉर्मल लिहिलेला होता तरी त्या म्हणाल्या, पुण्याला जाऊन व्ही-क्यू करून या.

आणि इथं आमचे दाजी आडवे आले. "सीटीत दिसलं न्हाई ते ह्यात काय दिसणार हाय? कशाला पैसे घालवाय लागलायस?" दाजी घरात मोठे, आक्कापण त्यांच्याच बाजूनं, आई म्हणाली राहू दे बाळ. दिवाळीची गोष्ट गुढीपाडव्यावर गेली.

आता दाजींना तेव्हा जे सांगायचं होतं ते तुम्हाला सांगतो. सीटी अँजिओ, म्हणजे शिरेतनं डाय (रंगद्रव्य) सोडून केलेला सीटी, रक्तवाहिनीचा आकार दाखवतो. व्ही-क्यू दाखवतो की हवा कुठं कुठं पोचतीय आणि रक्त कुठं कुठं पोचतंय. दोन वेगळे प्रश्न आहेत. हवेसाठी टेक्नेशियम (किरणं सोडणारा पदार्थ) मिसळलेला बारीक फवारा किंवा गॅस नाकातोंडातनं ओढायला देतात. रक्तासाठी हाताच्या शिरेत अल्ब्युमिनचे बारीक कण सोडतात, त्यांनाही टेक्नेशियम चिकटवलेलं असतं. हे कण साधारण १० ते ९० मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), केशवाहिनीत, म्हणजे सगळ्यात बारीक रक्तवाहिनीत, शिरू शकत नाहीत म्हणून तिच्या तोंडाशीच अडकतात, म्हणजे जिथं रक्त गेलं तिथंच कण थांबले. अगदी थोड्या वाहिन्या तात्पुरत्या अडतात, कण नंतर विरघळून जातात. वरनं गॅमा कॅमेरा फोटो घेतो, हल्ली स्पेक्टवर, म्हणजे कॅमेरा भोवती फिरवून, सगळ्या बाजूंनी कळतं. शेतात पाट सगळीकडं काढलेला आहे पण एका वाफ्याला पाणीच जात नाही, हे जसं पीक बघून ओळखतो, तसं.

दमा किंवा सीओपीडीत (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार) बहुतेक वेळा हवा आणि रक्त दोन्ही एकाच जागी कमी दिसतं, कारण जिथं हवा येत नाही तिथली रक्तवाहिनी आपोआप आखडते. पायात झालेली रक्ताची गुठळी सुटून फुफ्फुसाच्या वाहिनीत अडकली असेल तर हवा व्यवस्थित आणि रक्त गायब. आईच्या फोटोत दोन्ही फुफ्फुसांत हवा भरलेली आणि रक्ताच्या फोटोत पाचरीसारखे तुकडेच्या तुकडे काळे. गुठळ्या जुन्या होऊन वाहिनीच्या भिंतीला चिकटून बसलेल्या. अशा जुन्या गुठळ्या सीटीत निसटू शकतात, म्हणून जुन्या गुठळ्यांच्या ह्या आजारासाठी आधी व्ही-क्यूच करतात, ही बेळगावच्या बाईंची हौस नव्हती.

पुढं आईचं ऑपरेशन झालं. शरीर २० अंशांच्या आसपास थंड करून, थोडा वेळ रक्ताभिसरण थांबवून गुठळ्यांसकट वाहिनीचं आतलं अस्तर सोलून काढतात, असं ऑपरेशन करणारी सेंटरं देशात मोजकीच. आई चालते-फिरते, पण उजवं हृदय आधीच ताणलं गेल्यामुळं रात्री अजून ऑक्सिजन लागतो. दाजी अजूनही प्रत्येक लग्नकार्यात म्हणतात की ऑपरेशनमुळं बाई खचली. मी प्रत्येक वेळी सांगतो, ऑपरेशननं नाही, उशिरानं.

तुमच्या घरात जो 'धंदा' म्हणतोय ना, त्यालाच डॉक्टरसमोर नेऊन बसवा. रिपोर्ट आला की दोन्ही फोटो शेजारी ठेवून दाखवायला सांगा. पैसे हिशेबात बसवता येतात, बाकीचं बसवता येत नाही.

किरणांचं विचारलंय, तर टेक्नेशियम दर ६ तासांनी निम्मं होतं आणि डोस साधारणपणे सीटी अँजिओपेक्षा कमी असतो. आयोडीनचा डाय लागत नाही, त्यामुळं किडनीचा त्रास असणाऱ्यांनाही चालतो. घरात कुणाला पुढंमागं हा करायचा झाला आणि बाई गरोदर किंवा अंगावर पाजणारी असेल तर आधी सांगायला लागतं.

आणि हो, सगळ्यांनाच हा लागतो असं नाही. नवीन गुठळीचा संशय असेल आणि सीटी अँजिओ नीट झाला असेल तर बऱ्याचदा तेवढं पुरतं. फुफ्फुस आधीच फार खराब असेल तर ह्या स्कॅनचं चित्र गोंधळाचं येतं. नुसत्या ह्यावर ऑपरेशनही ठरवत नाहीत, उजव्या हृदयाची कॅथेटर तपासणी (शिरेतनं बारीक नळी घालून) करतात. तुमच्या सासऱ्यांचा साधा सीटी झाला की डाय घालून अँजिओ झाला ते तुम्ही लिहिलेलं नाही, ते रिपोर्टवर बघा, साध्या सीटीवरनं गुठळी नाही असं म्हणता येत नाही. पंप चालू असेल तर माझं वाचून बंद करू नका. आणि कधी पाय सुजला होता का, मोठं ऑपरेशन झालं होतं का, बरेच दिवस अंथरुणावर होते का, हे डॉक्टरनं विचारलं नाही तरी तुम्हीच सांगा.