आभाळातले आम्ल आणि गोणीतले आम्ल : शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे

या वेळचे बरेच प्रश्न आम्ल, चुना, राख आणि धूर यांच्याभोवती फिरणारे आहेत. शाळेत शिकलेले रसायनशास्त्र इथे थेट उपयोगी पडते, म्हणून पहिले उत्तर जरा विस्ताराने देत आहे.

प्रश्न : शेताजवळ दगडी कोळशाच्या भट्ट्या आहेत. पहिल्या पावसानंतर पानांवर पांढुरके चट्टे दिसले. हा आम्लाचा पाऊस असेल का? जमीन बिघडू नये म्हणून चुना टाकावा का?

चुन्याची गोणी आत्ता फोडू नका. आधी माती तपासून घ्या, मग चुन्याचे बघू.

पावसाचे पाणी मुळातच थोडे आम्लधर्मी असते. हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळून सौम्य कार्बोनिक आम्ल बनते, त्यामुळे स्वच्छ हवेतल्या पावसाचा सामू (pH, म्हणजे आम्लता मोजण्याचा अंक) ५.६ च्या आसपास असतो. दगडी कोळशात आणि जड इंधन तेलात गंधक असते. ते जळले की सल्फर डायऑक्साइड वायू निघतो आणि हवेतल्या ओलाव्यात त्याचे सल्फ्युरिक आम्ल होते. इंधनात गंधक नसले तरी प्रखर ज्वाळेत हवेतलाच नायट्रोजन ऑक्सिजनशी संयोग पावतो आणि पुढे नायट्रिक आम्ल तयार होते. असा पाऊस सामू ४ ते ४.५ पर्यंत उतरतो. सामू एका अंकाने घसरला म्हणजे आम्लता दहापट वाढली, हे विसरू नका.

तरीही एवढ्या आम्लतेने पाने सहसा भाजत नाहीत. डोळ्यांना दिसणारी इजा व्हायला पावसाचा सामू साधारण ३ च्या खाली जावा लागतो. तुमच्या पानांवरचे चट्टे बहुधा पावसाचे नसून भट्टीच्या वायूचे असावेत. दमट, कोंदट हवेत सल्फर डायऑक्साइड जमिनीलगत साचतो आणि पर्णरंध्रांतून सरळ पानात शिरतो. पान उजेडाकडे धरून पाहा. शिरा हिरव्या आणि शिरांमधला भाग पांढुरका किंवा तपकिरी असेल, भट्टीकडून वारा येतो त्या अंगालाच जास्त नुकसान असेल आणि पिकाबरोबर बांधावरच्या तणावरही तेच चट्टे असतील, तर वायूचा संशय घ्या. रोग सहसा असा वेगवेगळ्या जातींच्या झाडांवर एकाच रात्रीत उठत नाही. फोटो, तारीख आणि वाऱ्याची दिशा लिहून ठेवा आणि प्रदूषण नियंत्रण यंत्रणेकडे लेखी तक्रार करा. बुरशीनाशक मारून हे चट्टे जाणार नाहीत, उगाच खर्च होईल.

आता जमिनीचे. हिशेब करून पाहू. समजा वर्षभरात १००० मिमी पाऊस पडला आणि सगळाच ४.३ सामूचा होता. एका हेक्टरवर पडलेल्या या १ कोटी लिटर पाण्यातले आम्ल मारायला चुनखडीची शुद्ध भुकटी लागेल साधारण २५ किलो. बस्स, एवढीच.

याच्या शेजारी खताचा हिशेब मांडा. अमोनियाच्या रूपातले नत्र मातीत गेले की जिवाणू त्याचे नायट्रेट करतात आणि त्या क्रियेत आम्ल सुटते. हेक्टरी १०० किलो नत्र युरियातून दिले, तर ते आम्ल मारायला सुमारे १८० किलो चुनखडी लागते. तेवढेच नत्र अमोनियम सल्फेटमधून दिले, तर ५०० किलोंहून अधिक. हा ढोबळ हिशेब आहे, शेतात आकडा पिकानुसार कमी-जास्त भरतो. पण कोणी आभाळाकडे बोट दाखवून जमीन आंबट झाली म्हणाले की मी आधी खताच्या गोण्या मोजायला सांगतो. वर्षानुवर्षे एकच खत भरमसाट ओतणे जमिनीला आम्लाच्या पावसापेक्षा कितीतरी जड जाते.

सामू ५.५ च्या खाली गेला की मातीतले ॲल्युमिनियम विरघळून मुळांची टोके खुंटवते. तिथे चुना हवाच, आणि त्याची मात्रा मृदा प्रयोगशाळेकडून घ्या, कारण सामू सारखा असला तरी भारी जमिनीला हलक्या जमिनीपेक्षा जास्त चुना लागतो.

प्रश्न : माझ्या जमिनीचा सामू ८.२ आहे. गंधक टाकून तो ७ वर आणता येईल का?

चिमूटभर कोरड्या मातीवर व्हिनेगरचे थेंब टाका. फसफसले, तर मातीत मोकळा चुना आहे. बुडबुडे असतात ते चुन्यातून सुटलेल्या कार्बन डायऑक्साइडचे. अशा जमिनीत वरच्या १५ सेंमी थरात फक्त १ टक्का चुना धरला तरी तो हेक्टरी सुमारे २० टन भरतो. जिवाणू गंधकाचे सल्फ्युरिक आम्ल करतात हे खरे, पण एवढा चुना संपवायला ६ टनांहून जास्त गंधक लागेल. सामू उतरवण्याचा नाद सोडा. शेणखत-कंपोस्ट वाढवा, स्फुरद पेरून मुळांजवळ द्या, आणि कोवळी पाने शिरांमध्ये पिवळी पडत असतील तर लोह-जस्ताची फवारणी किंवा चिलेटेड खत वापरा. जिप्समनेही चुनखडीच्या जमिनीचा सामू उतरत नाही. ते चोपण (सोडियम साचलेल्या) जमिनीतले सोडियम हटवण्यासाठी असते.

प्रश्न : बोर्डो मिश्रणाने (मोरचूद आणि चुन्याचे बुरशीनाशक) पाने करपली. मोरचूद (कॉपर सल्फेट) जास्त झाले का?

जास्त झाले असेल किंवा चुना जुना, हवेने मेलेला असेल. मोरचुदाचे द्रावण आम्लधर्मी असते, चुना त्याला उदासीन करतो. चुना कमी पडला की मोकळे तांबे पान जाळते. १ टक्का मिश्रणासाठी १ किलो मोरचूद ५० लिटर पाण्यात आणि १ किलो ताजा कळीचा चुना विरवून, गाळून दुसऱ्या ५० लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यांत. मग ही दोन्ही द्रावणे तिसऱ्या भांड्यात एकदम ओतत ढवळा. घासून चकचकीत केलेला लोखंडी खिळा त्यात मिनिटभर बुडवा. बाहेर काढल्यावर त्यावर तांबूस थर चढलेला दिसला, तर चुन्याची निवळी थोडी थोडी वाढवत पुन्हा खिळा बुडवा. थर चढायचा थांबला की फवारा, आणि त्याच दिवशी संपवा. कीटकनाशक यात मिसळू नका, मॅलाथिऑनसारखी औषधे विम्लधर्मी (आम्लाच्या उलट गुणाच्या) पाण्यात विघटित होतात.

प्रश्न : चुलीची राख खतात मिसळून टाकली तर चालेल?

अमोनियम सल्फेट किंवा डीएपीत नको. राख विम्लधर्मी असते, ओल लागताच अमोनिया उडून जातो. नाकाला झोंबणारा तो वास म्हणजे तुम्ही विकत घेतलेले नत्र. राख वेगळी टाका, मध्ये पंधरवड्याचे अंतर ठेवा. जमीन चुनखडीची असेल तर राख टाकूच नका.

प्रश्न : ठिबकच्या नळ्यांत साका बसला आहे. आम्ल कसे सोडावे?

हे उत्तर घरातल्या प्रत्येकाला वाचून दाखवा. आधी पाणी घ्या आणि त्यात आम्ल हळूहळू ओता. आम्लावर पाणी कधीही ओतू नका. मिसळताना एवढी उष्णता निघते की वरचे पाणी उकळून आम्ल तोंडावर उडते. हातमोजे आणि चष्मा घाला. ब्लीचिंग पावडरची प्रक्रिया आणि आम्लाची प्रक्रिया एकाच वेळी करू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. दोन्ही करायच्या असतील तर वेगवेगळ्या दिवशी करा आणि मध्ये नळ्या साध्या पाण्याने पूर्ण धुऊन काढा. डोळ्यात थेंब गेलाच तर किमान १५ मिनिटे वाहत्या पाण्याने डोळा धूत राहा आणि तडक दवाखाना गाठा. खायचा सोडा वगैरे डोळ्यात घालू नका.