जुन्या बाजारातून घेतलेलं देवनागरी आकड्यांचं एचएमटी जनता अस्सल आहे का? ते नव्यासारखं करून घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय की घड्याळ पुण्याच्या जुन्या बाजारात १,५०० रुपयांना मिळालं, डायल कोरी करकरीत आहे, केसचा, म्हणजे बाहेरच्या धातूच्या कवचाचा, मुलामा मात्र जागोजाग उडालाय, आणि रात्री चावी देऊन ठेवलं की सकाळी बंद पडलेलं असतं. यातली कोरी डायल आणि झिजलेली केस, ही जोडीच खटकते. इतकी वर्षं मनगटावर घासून जिच्या कडा पितळेवर आल्या, त्या केसमधली डायल तेवढी काल छापल्यासारखी कशी राहील? डायल बहुधा नव्याने छापलेली आहे. म्हणून घड्याळच नकली, असं मात्र नाही. आतलं मशीन एचएमटीचं असण्याची शक्यता भरपूर आहे, आणि पैसे खर्च करायचे तर ते त्या मशीनवर करा, असंच मी सांगेन.

खात्री करायला दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि डायलवरच्या ‘जनता’ या अक्षरांची शिरोरेषा बघा. कारखान्यातली छपाई बारीक आणि धारदार असते. रेघेची जाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी. गल्लीतल्या छपाईत शाई पसरते, ‘ज’च्या पोटातली मोकळी जागा बुजत जाते, रेघ मध्येच जाड होते. मग मिनिटांच्या रेघा बघा. १२, ३, ६, ९ च्या खुणा त्या त्या रेघेच्या बरोबर समोर हव्यात. हातछपाईत एखादी किंचित सरकलेली सापडतेच. सेकंदकाटा मिनिटांच्या रेघांच्या बराच अलीकडे संपत असेल, तर तो दुसऱ्या कुठल्यातरी घड्याळातून आलेला. देवनागरी डायलबाबत संशय जरा जास्तच ठेवा. इंग्रजी आकड्यांच्या जनतापेक्षा या डायलला शौकीन लोक जास्त पैसे मोजतात, त्यामुळे साध्या डायलवर देवनागरी छापून विकण्यात विकणाऱ्याचा सरळ फायदा आहे.

एचएमटीने सिटिझन या जपानी कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळूरला घड्याळं बनवायला सुरुवात केली. पुढे तुमकूर, राणीबाग वगैरे ठिकाणी कारखाने निघाले. डायलवर ‘पॅराशॉक’ लिहिलेलं असतं ते सिटिझनचंच देणं: घड्याळ आपटलं तरी बॅलन्सचा (मागेपुढे झुलून घड्याळाची गती राखणाऱ्या चाकाचा) आस मोडू नये म्हणून केलेली स्प्रिंगची सोय. २०१६ मध्ये सरकारने एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करायला मंजुरी दिली. ड्रॉवरमध्ये ज्यांना कोणी विचारत नव्हतं, त्या एचएमटीच्या जनता, पायलट या मॉडेलांना कंपनी बंद होणार म्हटल्यावर एकदम भाव आला आणि सुट्या भागांतून जुळवलेली ‘नवी’ घड्याळं बाजारात ओतली गेली. परदेशातले संग्राहक अशा भडक, रंगवलेल्या डायलच्या जुळणीला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात आणि नाक मुरडतात. मला ते थोडं अन्यायाचं वाटतं. आयातीवर कडक निर्बंध होते त्या काळात इथल्या कारागिरांनी एकाचा काटा, दुसऱ्याची चावी घालून घड्याळं चालती ठेवली. ती फसवणूक नव्हती. फसवणूक होते ती जुळणी ‘ओरिजिनल’ म्हणून खपवताना.

आता मागचं झाकण. ते घरी सुरीने उघडू नका. सुरी सटकली की ओरखडा कायमचा, आणि आत बॅलन्सला लागली तर काम वाढलं. घड्याळवाल्याकडून उघडून घ्या आणि आपण शेजारी उभे राहा. मशीनवर, बॅलन्सच्या चाकाच्या आसपास, ०२३१ हा आकडा शोधा. हे १७ ज्वेलचं (चाकांचे आस झिजू नयेत म्हणून बसवलेले खडे), हाताने चावी द्यायचं मशीन. जनतामध्ये नेहमी सापडतं ते हेच. स्क्रूंची डोकीही बघा. खाचा कुरतडल्यासारख्या असतील तर आधी कुणीतरी चुकीच्या मापाचा पेचकस लावून गेलंय.

रात्रीतून थांबतं याचा अर्थ जवळजवळ नक्की: तेल सुकलंय, नाहीतर मेन स्प्रिंगचा, म्हणजे चावी दिल्यावर गुंडाळल्या जाणाऱ्या स्प्रिंगचा, दम गेलाय. पूर्ण चावी दिल्यावर हे मशीन दीड दिवस तरी सहज चाललं पाहिजे. “पण चालतंय ना” म्हणून तसंच वापरू नका. सुकलेल्या तेलात धूळ मिसळून ती चाकांचे आस खरवडत राहते. आज सर्व्हिसिंगवर भागतं, वर्षभराने सुटे भाग शोधावे लागतात. उलट एखादं घड्याळ दिवसाला दहा-पंधरा मिनिटं पुढे जात असेल, तर आधी चुंबकाचा संशय घ्या. बॅलन्सवरच्या केसासारख्या बारीक हेअर स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि बॅलन्स लवकर लवकर हलायला लागतो. मोबाइलच्या कव्हरमधलं चुंबक त्याला पुरतं. डीमॅग्नेटायझरवर (चुंबकत्व काढणाऱ्या यंत्रावर) एकदा फिरवलं की बहुतेक वेळा काम होतं.

कारागिराला एकच प्रश्न विचारा: “मशीन पूर्ण खोलणार का?” कित्येक ठिकाणी मशीन न खोलता अख्खंच्या अख्खं पेट्रोलमध्ये बुडवतात, वाळवतात, वरून चार थेंब तेल सोडतात. महिना-दोन महिने छान चालतं, पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. सगळी चाकं सुटी करून, धुऊन, प्रत्येक ठिकाणी मोजकं तेल देणारा माणूस शोधा. तो जास्त पैसे घेईल, आठवडाभर घड्याळ ठेवून घेईल, फोन केलात तर वैतागेल. त्याच्याकडेच द्या.

केसला बफ लावायला, म्हणजे फिरत्या चाकावर घासून चकाकी आणायला, सांगू नका. मागे ‘स्टेनलेस स्टील बॅक’ लिहिलेलं वाचून लोकांना अख्खी केस स्टीलची वाटते, पण ते वर्णन फक्त झाकणाचं. तुमच्या केसच्या कडांना पितळ दिसतंय म्हणजे वर क्रोमचा मुलामा आहे, आणि बफखाली उरलेला मुलामाही निघून जाईल. मऊ टूथब्रश आणि साबणाच्या पाण्याने मळ काढा, तोही मशीन बाहेर काढल्यावरच. काच अ‍ॅक्रिलिकची असेल, तर साधी पांढरी टूथपेस्ट सुती फडक्यावर घेऊन पाच-दहा मिनिटं घासा, बारीक चरे जातात. खोल चरा असेल तर काच बदला, ती स्वस्तात मिळते.

डायल पुन्हा छापून घेऊ नका. आहे ती नवी छपाई असली तरी राहू दे. कधी जुनी, थोडी पिवळसर, डागाळलेली पण अस्सल डायल मिळाली तर ती बसवा. तोवर डायलवर खर्च नको.

सर्व्हिसिंगनंतर दिवसाला अर्धा-एक मिनिट इकडे-तिकडे होईल, ते या घड्याळात चालायचंच. पाण्यापासून जपा, रोज ठरावीक वेळी चावी द्या. आणि पुढच्या वेळी जुन्या बाजारात गेलात की डायल खराब झालेलं, बंद पडलेलं एखादं ०२३१ स्वस्तात मिळतंय का बघा. बॅलन्स किंवा स्टेम (चावीची आतली दांडी) मोडला तर लागणारा भाग त्यातूनच निघेल.