अमेरिकेत नवीन आलेल्या, विमा नसलेल्या कुटुंबाने उपचारासाठी जायचं कुठे? सरकारी मदत घेतली तर ग्रीन कार्ड जातं का?

तुमच्या प्रश्नावरून मला कळलं ते असं: भावाच्या अर्जावर चौघांना ग्रीन कार्ड मिळालं, पाच महिन्यांपूर्वी न्यू जर्सीत आलात, सध्या भावाकडेच राहता. गोदामात तासावर काम आहे, विमा नाही. बायकोच्या मधुमेहाच्या गोळ्या संपत आल्या आहेत, मुलांच्या शाळेला लसींचे कागद हवेत, आणि भाऊ बजावतोय की सरकारचं काही घेऊ नका. मी याच राज्यात एका आरोग्य केंद्रात नावनोंदणीच्या टेबलावर बसते. तुमच्यासारखी कुटुंबं रोज समोर येतात आणि बहुतेक उशिरा येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी गोळ्या. ‘विमा मिळाला की डॉक्टरकडे जाऊ’ हा क्रम डोक्यातून काढून टाका. केंद्र सरकारच्या ‘फाइंड अ हेल्थ सेंटर’ या पानावर झिप कोड टाका, जवळची कम्युनिटी हेल्थ सेंटर्स दिसतील. ही सरकारी इस्पितळं नव्हेत. बहुतेक बिननफ्याच्या संस्था आहेत, पण सार्वजनिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ३३० खाली केंद्र सरकारचं अनुदान घेतात, आणि त्या बदल्यात पैसे नाहीत म्हणून कुणालाही परत पाठवायचं नाही ही अट असते. फी उत्पन्नावर ठरते. घरातली माणसं किती आणि पगार किती, हे बघून दर लावतात. त्याला स्लायडिंग फी म्हणतात. उत्पन्न केंद्र सरकारने ठरवलेल्या दारिद्र्यरेषेइतकं किंवा खाली असेल तर नाममात्र रक्कम, दुपटीपर्यंत थोडी थोडी सूट, त्याच्या वर सूट नाही. २०२५ साली चौघांच्या कुटुंबाची ही रेषा वर्षाला ३२,१५० डॉलर होती. त्याच वर्षी न्यू जर्सीत किमान वेतन तासाला १५.४९ डॉलर होतं. आठवड्याला ४० तास धरून वर्षभराचा हिशेब केला तर ३२,२१९ येतात. म्हणजे एकट्याच्या पगारावर चौघं जगत असाल तर तुम्ही जवळजवळ त्या रेषेवरच उभे आहात. आकडे दरवर्षी बदलतात, पण अंदाज यावा म्हणून सांगितलं.

नव्या पेशंटला पहिली तारीख कधीकधी महिना-दीड महिन्यानंतरची मिळते. त्यामुळे फोनवर नाव-पत्ता सांगण्याआधी हे सांगा की डायबेटिस आहे आणि औषध अमुक दिवशी संपतंय. लवकरची वेळ किंवा नर्सची भेट यातूनच निघते. पगाराच्या स्लिपा, पासपोर्ट, ग्रीन कार्ड आणि पत्त्याचा पुरावा न्या. घर भावाचं असल्याने वीजबिल तुमच्या नावावर नसेल; तुम्ही त्याच्याकडे राहता असं त्याच्या सहीचं पत्र बहुतेक ठिकाणी चालतं. आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं टाकू नका, तीही न्या. आपल्याकडे एका गोळीत दोन-दोन, तीन-तीन औषधं असतात, ती जोडी इथे मिळेलच असं नाही. ब्रँडचं नाव तर इथल्या डॉक्टरला काहीच सांगत नाही. आतली औषधं आणि त्यांचं प्रमाण छापलेलं असतं ते दाखवा. औषधं हेल्थ सेंटरच्या फार्मसीतून किंवा त्यांनी सांगितलेल्या दुकानातूनच घ्या, कारण ३४०बी नावाच्या योजनेत या केंद्रांना औषधं कमी भावात मिळतात. तीच चिठ्ठी दुसरीकडे नेली तर तो भाव लागत नाही.

तिथे गेल्यावर तुमचीही शुगर तपासून घ्या. इथे आशियाई वंशाच्या लोकांसाठी मधुमेहाची तपासणी बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २३ पासूनच सुचवतात, बाकीच्यांसाठी २५. ‘मी कुठे जाड आहे’ हे उत्तर मी रोज ऐकते.

आता मुलं. त्यांचं काम सगळ्यात सोपं आहे आणि लोक नेमकं तेच लांबवतात. मोठ्यांना मेडिकेडसाठी (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी आरोग्य विमा) ग्रीन कार्ड मिळाल्यावर सहसा पाच वर्षं थांबावं लागतं, हा १९९६ चा कायदा. पण २००९ पासून राज्यांना मुलांसाठी आणि गरोदर बायकांसाठी ही अट सोडता येते, आणि न्यू जर्सीने सोडली आहे. इथे १९ वर्षांखालच्या मुलांना एनजे फॅमिलीकेअर हा राज्याचा सरकारी विमा मिळतो, उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या साडेतीन पटीपर्यंत असलं तरी. दोन्ही मुलांचा अर्ज आजच करा. भावाच्या मनात आणखी एक भीती असेल. त्याने तुमच्यासाठी आय-८६४ हमीपत्र भरलंय, उद्या सरकार त्याच्याकडून वसुली करेल का? मुलांच्या या विम्याबाबत २००९ च्या त्याच कायद्यात स्पष्ट लिहिलंय की हमीदारावर कर्ज चढणार नाही. हे त्याला सांगा, घरातला निम्मा ताण तिथेच कमी होईल. अर्जात भावाचा पगार टाकायची गरज नसते. एका छताखाली राहणं वेगळं आणि कराच्या हिशेबात एक कुटुंब असणं वेगळं.

लसींसाठी विम्याची वाट बघू नका. विमा नसलेल्या मुलांना ‘व्हॅक्सीन्स फॉर चिल्ड्रन’मधून लस फुकट मिळते, टोचण्याची थोडी फी सांगतात, ती परवडत नसेल तरी लस नाकारता येत नाही. त्याआधी घरातले कागद शोधा. व्हिसाच्या मेडिकलच्या वेळी दिलेल्या लसींची नोंद डीएस-३०२५ या फॉर्मवर होते. त्याची प्रत मिळाली असेल तर मुलांना त्याच लसी पुन्हा टोचाव्या लागणार नाहीत. क्षयाची तपासणी मागितली तर लहानपणी बीसीजी झाल्याचं सांगा आणि रक्ताची चाचणी मागा. बीसीजी घेतलेल्यांच्या त्वचेवरची चाचणी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते.

ग्रीन कार्ड जाण्याची भीती कुठून आली ते मला माहीत आहे. २०१९ मध्ये ‘पब्लिक चार्ज’चा, म्हणजे हा माणूस सरकारवर भार होईल का हे बघण्याचा, नियम कडक झाला, तेव्हा लोकांनी मुलांची नावंसुद्धा काढून घेतली. तो नियम २०२१ मध्ये गेला आणि २०२२ मध्ये नवा आला. त्यात रोख रकमेची सरकारी मदत आणि सरकारी खर्चाने संस्थेत दीर्घकाळ ठेवणं एवढंच मोजायचं ठरलं. हे नियम पुन्हा बदलू शकतात. पण तुमच्यासाठी महत्त्वाचं वेगळंच आहे: ही परीक्षा मुख्यतः ग्रीन कार्ड मिळवताना होते. तुम्हाला ते मिळालंय. कार्डाच्या नूतनीकरणाला किंवा नागरिकत्वाच्या अर्जाला ती लागत नाही. प्रश्न येतो तो सलग १८० दिवसांहून जास्त देशाबाहेर राहून परतलात तर. तेव्हा आईकडे सहा महिने राहायचा बेत असेल तर आधी वकिलाशी बोला. घरात कुणाचे कागद अपुरे असतील तर त्या व्यक्तीचा अर्ज मात्र वकिलाला विचारल्याशिवाय करू नका. मेडिकेडची माहिती इमिग्रेशन खात्याला देण्यावरून २०२५ मध्ये राज्यांनी खटले भरले, आणि त्याच वर्षी हेल्थ सेंटरचे नियमही कडक करायचा प्रयत्न झाला. ग्रीन कार्डवाल्यांचा त्यात प्रश्न नाही.

तुम्हा दोघांच्या विम्याचं मात्र गणित नाजूक आहे. देशात आल्यापासून ६० दिवसांत गेटकव्हर्डएनजे या राज्याच्या विमा खरेदीच्या वेबसाइटवर विमा घेता येतो, ती मुदत तुमची टळली. नावनोंदणीची पुढची खिडकी १ नोव्हेंबरला उघडते. २०२६ पासून एक बदल झालाय. पाच वर्षांच्या अटीमुळे मेडिकेड न मिळणाऱ्यांचं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या खाली असेल तर विम्याच्या हप्त्यावरची केंद्र सरकारची सवलत आता मिळत नाही. वर दिलेला हिशेब पुन्हा बघा, तुम्ही अगदी काठावर आहात. वर्षाचं उत्पन्न अंदाजाने लिहू नका, नावनोंदणी करणाऱ्यासोबत बसून लिहा. ही मदत फुकट असते. कमिशनवाल्या एजंटकडे जायची गरज नाही. तोपर्यंत इस्पितळात दाखल व्हायची वेळ आलीच तर न्यू जर्सीत ‘चॅरिटी केअर’ आहे. उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या दुपटीपर्यंत असेल तर इस्पितळाचं बिल पूर्ण माफ, तिपटीपर्यंत काही प्रमाणात. पण त्यात बचतही बघतात, कुटुंबाला १५,००० डॉलरची मर्यादा आहे. आणि छातीत दुखलं, श्वास लागला तर कुठल्याही इमर्जन्सीत जा. १९८६ च्या कायद्याने त्यांना आधी तपासून स्थिर करावंच लागतं, पैशाचं नंतर.

आता मला खरं जे सांगायचंय ते. पहिल्या भेटीत तुम्हाला एक फॉर्म देतील. महिनाअखेर जेवणाची चणचण होते का, भाडं थकतं का, घरात कुणाची भीती वाटते का, कुणाशी बोलावंसं वाटतं का. आपली माणसं हा फॉर्म वाचतात, जरा अपमान वाटतो, आणि सगळीकडे ‘नाही’वर खूण करतात. हे प्रश्न चौकशीसाठी नाहीत. या केंद्रांची सुरुवातच तिथून आहे. १९६५ मध्ये बॉस्टनच्या कोलंबिया पॉइंट वस्तीत जॅक गायगर आणि काउंट गिब्सन या डॉक्टरांनी पहिलं केंद्र काढलं, पुढे मिसिसिपीतल्या माउंड बायूला दुसरं. तिथे गायगर उपाशी कुटुंबांना चिठ्ठीवर चक्क धान्य लिहून देत आणि बिल औषधांच्या खात्यातून भरत. वरून हरकत आली तेव्हा त्यांचं म्हणणं होतं की कुपोषणावरचं औषध अन्नच आहे. तोच धागा आजही चालू आहे. फॉर्मवर ‘हो’ लिहिलंत तर मागे एक माणूस कामाला लागतो: कम्युनिटी हेल्थ वर्कर किंवा केस मॅनेजर. मुलांच्या शाळेतलं जेवण, फुकट किराणा देणारी फूड पँट्री, किराण्यासाठीची सरकारी मदत स्नॅप (१८ वर्षांखालच्या ग्रीन कार्डधारक मुलांना त्यात पाच वर्षं थांबावं लागत नाही), हिवाळ्यातलं हीटिंगचं बिल, सगळं तोच जुळवून देतो. ‘नाही’ लिहिलंत तर तुम्ही फक्त गोळ्या घेऊन घरी जाता. या केंद्रांच्या संचालक मंडळावर किमान ५१ टक्के लोक तिथले पेशंटच असावे लागतात, त्यामुळे तिथे तुमच्याकडे उपकार केल्यासारखं कुणी बघत असेल तर तक्रार करायला जागा आहे.

मुलाला दुभाषा म्हणून नेऊ नका. तो सोळा वर्षांचा आहे, इंग्रजी झकास बोलत असेल, पण आईच्या पाळीचं, मनाचं, आई-बाबांच्या भांडणाचं त्याने डॉक्टरला सांगायचं का? केंद्राने फुकट दुभाषा द्यायचा असतो, बहुतेकदा फोनवर. नाव नोंदवताना भाषा विचारतात तिथे ‘मराठी’ सांगा. ‘हिंदी चालेल’ म्हणालात की कायमची हिंदी लागते, आणि मग वहिनी, म्हणजे तुमच्या पत्नी, प्रत्येक वाक्याला मान डोलावतात. समजलं किती, ते डॉक्टरला कळतच नाही.

वहिनींबद्दल अजून एक. दिवसभर दुसऱ्याच्या घरात, गाडी येत नाही, ओळखीचं कुणी नाही. शुगर वाढण्यामागे हेही असतं. केंद्रातच समुपदेशक असतो, त्याची वेळ वेगळी मागा. मंदिरातल्या आरोग्य शिबिरात बीपी-शुगर बघतात ते चांगलंच आहे, पण आकडा वाढलेला निघाला तर पुढे कुणी फोन करत नाही. घरात कुणी त्रास देत असेल, तुमच्याच काय, ओळखीतल्या कुठल्याही घरात, तर न्यू जर्सीत १९८५ पासून ‘मानवी’ ही दक्षिण आशियाई बायकांसाठीची संस्था आहे. आपली भाषा आणि आपली घरं कशी असतात हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही. बाकी कुठल्याही मदतीचा पत्ता हवा असेल तर २११ लावा, रात्रीसुद्धा उचलतात.

मुलांचा विमा मंजूर झाला की घरी पाकिटं येऊ लागतील. दरवर्षी नूतनीकरणाचं पत्र येतं, उत्तर दिलं नाही तर विमा बंद होतो. वेगळं घर घेतलंत तर शाळेच्या आधी फॅमिलीकेअरला पत्ता कळवा. भावाच्या पत्त्यावर पडून राहिलेल्या पाकिटांपायी विमा गेलेली मुलं माझ्या टेबलावर सप्टेंबरात रांगेने येतात. स्लायडिंग फीचे कागदही ठरावीक काळाने पुन्हा द्यावे लागतात, आणि पगार वाढला किंवा तास कमी झाले तर मध्येच कळवायचं असतं.